हातघाईच्या लढाईत वार वाया जातो, गेम अडखळतो: समस्या निवारण

लांबून बाण मारताना किंवा मंत्र फेकताना गेम सुरळीत चालतो. तलवार उपसून चार-पाच शत्रूंच्या घोळक्यात शिरलं की बिनसतं. वार शत्रूच्या अंगातून आरपार जातो पण लागत नाही, ढाल उशिरा उचलली जाते, डॉजचं (वार चुकवण्याचं) बटण दाबूनही पात्र जागचं हलत नाही. मग ग्राफिक्स ‘हाय’वरून ‘मीडियम’वर येतात, थोडा वेळ बरं वाटतं आणि पुढच्या गुहेत पुन्हा तेच.

तक्रार परत परत येते, कारण तिच्या पोटात तीन वेगळे दोष असतात. एक, गेमचा स्वतःचा नियम: तो वार चुकावा असंच आत लिहिलेलं असतं. दोन, फ्रेम वेळेवर तयार न होणं. तीन, बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, कधी कधी तर उलटा पडतो. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेममध्ये कृत्रिम फ्रेम घालणं) चालू केलं की एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, आकडा वाढतो आणि पॅरी (शत्रूचा वार ऐनवेळी परतवणं) आणखी अवघड होते, हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

दोष कुठला, ते आधी ठरवा

रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर लावा. तो एमएसआय आफ्टरबर्नरसोबतच येतो. पडद्यावर एफपीएसचा आकडा नको, फ्रेमटाइमचा आलेख हवा. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३, १४४ म्हणजे ६.९. आता एका सेकंदात ५७ फ्रेम १४-१४ मिलिसेकंदांत निघाल्या आणि एकच फ्रेम २०० मिलिसेकंद अडकली असं समजा. आकडा दाखवणार ५८, म्हणजे कागदावर सगळं छान. पण त्या २०० मिलिसेकंदांच्या भोकात शत्रूची कुऱ्हाड उचलली जाऊन खालीही आलेली असते. धनुष्य चालवताना अशी भोकं पचून जातात, हातघाईत नाही. म्हणून सरासरी एफपीएस बाजूला ठेवा आणि सगळ्यात संथ १ टक्का फ्रेम बघा.

लढाईच्या अगदी आधी एक सेव्ह करून ठेवा. मग तीन चाचण्या.

पहिली, रिकाम्या जागी. शत्रू नाही, पाऊस नाही, धुकं नाही. ढाल उचला-सोडा, मेन्यूत वर-खाली जा. इथेही उशीर जाणवत असेल तर दोष इनपुटचा आहे, ग्राफिक्स कमी करून काही होणार नाही. ही चाचणी तलवारीच्या वाराने करू नका. जड शस्त्राला उगारायलाच वेळ लागतो आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. फोनमध्ये २४० फ्रेमचं स्लो मोशन असेल तर बोट, बटण आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन चित्रण करा. त्यातली एक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. बोट दाबल्यापासून मेन्यूतली पट्टी हलेपर्यंत २४ फ्रेम मोजल्या तर उशीर १०० मिलिसेकंदांचा.

दुसरी, तीच लढाई तोच सेव्ह उघडून लागोपाठ तीनदा. पहिल्या वेळी आलेखात उंच सुळके आले आणि नंतर गेले, तर शेडर (पडद्यावरच्या वस्तू रंगवणारे छोटे प्रोग्राम). तिन्ही वेळा त्याच क्षणी आले, तर भार. सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने बिघडत गेलं, तर उष्णता किंवा भरलेली मेमरी.

तिसरी चाचणी वेगळी करावी लागत नाही. आलेख सपाट आहे, ढाल बोटाबरोबर उचलली जाते आणि तरीही वार लागत नाही, तर तो नियम आहे. तिथूनच सुरुवात करू, कारण यावर सर्वांत जास्त वेळ फुकट जातो.

वार लागत नाही, कारण गेमने तो चुकवला

मॉरोविंड (२००२) हा गेम याचं ठळक उदाहरण. तलवार डोळ्यांसमोर शत्रूच्या छातीतून जाते आणि फक्त ‘सूं’ असा आवाज येतो. तिथे वार लागतो की नाही हे तलवारीच्या पात्याने नव्हे, फाशांनी ठरतं. हिशोब असा: शस्त्राचं कौशल्य, अधिक चपळाई भागिले ५, अधिक नशीब भागिले १०, या बेरजेला गुणायचं ०.७५ अधिक (उरलेला दम भागिले पूर्ण दम, त्याचं अर्धं) या संख्येने. त्यातून शत्रूची चुकवण्याची ताकद वजा होते. तिचाही हिशोब असाच, फक्त कौशल्य सोडून.

नव्या पात्राचं कौशल्य ३०, चपळाई ४०, नशीब ४० धरा. बेरीज ३० + ८ + ४ = ४२. दम पूर्ण असेल तर १.२५ ने गुणून ५२.५; दम संपला असेल तर ०.७५ ने गुणून ३१.५. समोरच्याची चपळाई ३०, नशीब ४०, दम पूर्ण: १० गुणिले १.२५, म्हणजे १२.५. ताजेतवाने असताना वार लागण्याची शक्यता ४० टक्के, दमलेले असताना १९. आणि दम कशाने जातो? धावण्याने. शत्रू दिसला की धावत जाऊन वार करायची सवय असेल तर पहिल्या वारालाच शक्यता निम्म्यावर आलेली असते. उपाय: शेवटचं अंतर चालत जा, दमाची हिरवी पट्टी भरू द्या, आणि ज्या शस्त्राचं कौशल्य सर्वांत जास्त तेच हातात घ्या. गावात कुणी देखणी कुऱ्हाड दिली आणि कौशल्य लांब पात्याच्या तलवारीचं असेल तर ती कुऱ्हाड विका. गेमच्या पर्यायांत (प्रेफरन्सेस) ‘नेहमी सर्वोत्तम वार’ हेही चालू करा. नाहीतर तुम्ही कुठल्या दिशेला चालता त्यावर चिरणं, तोडणं की भोसकणं हे ठरतं आणि एकाच शस्त्राचे तिन्ही आकडे फार वेगळे असू शकतात.

स्कायरिममध्ये (२०११) फासे नाहीत, पण पल्ला आहे. मूळ अंतर १४१ एकक, म्हणजे सुमारे २ मीटर. त्याला शस्त्राच्या पल्ल्याने गुणायचं: एकहाती तलवार १, दोन्ही हातांची मोठी तलवार १.३, खंजीर ०.७. खंजिराचा पल्ला त्यामुळे ९९ एककांच्याही आत येतो. तलवारीवरून खंजिरावर आलेल्या खेळाडूला ‘कालपासून वार लागत नाहीत’ असं वाटतं, त्याचं कारण हे. घोळक्यात फिरवलेला वार एकालाच लागतो हीसुद्धा बिघाडाची खूण नाही. दोन्ही हातांच्या शस्त्राने आडवा जोरदार वार सगळ्यांना लागावा यासाठी ‘स्वीप’ हा पर्क (कौशल्य वाढल्यावर घेता येणारी खास क्षमता) लागतो आणि तो ७० कौशल्याला मिळतो.

एल्डन रिंगमध्ये (२०२२) तक्रार उलटी असते: लोळण उशिरा निघते. धावणं आणि लोळणं एकाच बटणावर आहे, त्यामुळे बटण दाबल्यावर गेमला अजून कळलेलंच नसतं तुम्हाला काय हवंय. लोळण निघते ती बटण सोडल्यावर. घाबरून बटण दाबून धरलं की लोळण तेवढीच लांबते. टिचकी मारा, दाबून धरू नका. शिवाय अंगावरचं वजन बघा: क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली हलकी लोळण, ७० च्या खाली मध्यम, त्यावर जड, १०० च्या वर लोळण नाहीच. एक नवी ढाल घेतल्याने ६९ वरून ७१ वर गेलेलं वजन लक्षात येत नाही, आणि मग प्रोसेसर बदलायच्या गोष्टी सुरू होतात.

विचर ३ मध्ये (२०१५) नायक गेराल्ट कुठला वार करणार हे शत्रू किती लांब आहे यावर गेम ठरवतो. जवळच्याला झटपट वार, लांबच्याला गिरकी घेत जाणारा. म्हणून तेच बटण कधी लगेच, कधी सावकाश लागतं. वार करताना शत्रूच्या दिशेचं बटण धरून ठेवा आणि गेमप्लेच्या पर्यायांत ‘मूव्हमेंट रिस्पॉन्स’ हा ‘अल्टरनेटिव्ह’वर न्या. वळणं चटकन होतात.

घोळक्यात फ्रेम का पडते

हातघाईत भार दोन बाजूंनी येतो. कॅमेरा शत्रूच्या अंगाला भिडतो, त्यामुळे फर, केस, कापड आणि रक्ताचे शिंतोडे अख्खा पडदा व्यापतात. धूर, ठिणग्या, जादूचा प्रकाश अशा अर्धपारदर्शक गोष्टी एकावर एक रंगवाव्या लागतात आणि त्यांचा खर्च त्या पडद्याची किती जागा घेतात त्यावर असतो. हा ग्राफिक कार्डाचा भार. दुसरीकडे प्रत्येक शत्रूचं वाट शोधणं, निर्णय घेणं, सांगाडा हलवणं, पडलेल्या देहांची भौतिकी आणि प्रत्येक वाराची टक्कर तपासणं हे प्रोसेसरकडे.

कोण कमी पडतंय हे पाहायला रिझोल्यूशन निम्मं करा आणि तीच लढाई पुन्हा लढा. फ्रेमटाइम उतरला तर कार्ड, जवळपास तसाच राहिला तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमधला ‘प्रोसेसर ३० टक्के’ हा आकडा फसवा असतो. गेमचा मुख्य धागा एकाच कोअरवर अडकलेला असला की बाकीचे कोअर रिकामे बसतात आणि सरासरी कमी दिसते.

कार्ड कमी पडत असेल तर टेक्स्चर कमी करण्याआधी हे करा: व्हॉल्युमेट्रिक धुकं एक पायरी खाली, डेप्थ ऑफ फील्ड बंद, मोशन ब्लर बंद. मोशन ब्लरमुळे वेग फार वाढत नाही, पण लढाईत कॅमेरा फिरवताना शत्रूचा खांदा कुठे वळला हे दिसलं पाहिजे आणि ब्लर नेमकं तेच पुसतो. विचर ३ मध्ये हेअरवर्क्स (केस आणि फर खरे दाखवणारं सेटिंग) बंद करा किंवा फक्त गेराल्टपुरतं ठेवा. लांडग्यांच्या टोळीशी भिडताना फ्रेम पडते आणि ड्राउनर या फर नसलेल्या पाणराक्षसांशी लढताना पडत नाही, तर शंका घ्यायला नको. एएमडीचं कार्ड असेल तर ड्रायव्हरमध्ये टेसेलेशनची (पृष्ठभागाचे बारीक तुकडे करण्याची) कमाल पातळी १६ किंवा ८ वर बांधली तरी मोठा फरक पडतो. याच गेमच्या डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर दोन आवृत्त्या सोबत येतात. डायरेक्टएक्स (गेम आणि ग्राफिक कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) १२ वाली शहरात आणि गर्दीत अडखळत असेल तर लाँचरमधून डायरेक्टएक्स ११ निवडा. रे ट्रेसिंग मिळणार नाही, पण जुन्या प्रोसेसरवर फ्रेम एकसारखी होते.

प्रोसेसर कमी पडत असेल तर रिझोल्यूशन खाली आणून किंवा डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं तंत्र) लावून काही साधत नाही. गर्दीची घनता, सावल्यांचं अंतर, गवताचं अंतर आणि कापडाची भौतिकी ही चार सेटिंग खाली आणा. मग बायोसमध्ये जाऊन रॅम बघा. ३२०० ची डीडीआर४ रॅम एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग) बंद असल्यामुळे २१३३ वर चालतेय, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की नवा प्रोसेसर घेण्याआधी ही पाच मिनिटं द्यावीतच. लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाकल्यावर सर्वांत संथ फ्रेम सुधारतात, सरासरी फारशी नाही. आपल्याला तेच हवंय. ड्रॅगन्स डॉग्मा २ (२०२४) मात्र शहरातल्या प्रत्येक माणसामागे प्रोसेसर खातो. तिथे ग्राफिक्स कमी करून फार हाती लागत नाही. एफपीएस ३० किंवा ४० ला बांधून एकसारखा ठेवणं हाच शहाणपणा.

पहिल्या लढाईतच सुळके येणं ही वेगळी गोष्ट. नवा मंत्र, नवं रक्त, नवा राक्षस पहिल्यांदा पडद्यावर आला की त्याचा शेडर तिथल्या तिथे जुळवला जातो आणि गेम श्वास रोखून थांबतो. दुसऱ्यांदा तोच मंत्र पडला की काही होत नाही. ड्रायव्हर बदलला की जुळवलेलं सगळं पुसलं जातं, म्हणूनच ‘गेल्या आठवड्यात ठीक होतं’ ही तक्रार बहुधा ड्रायव्हर अपडेटनंतरच येते. काय करायचं: एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशेचा आकार १० जीबी किंवा त्याहून जास्त करा. गेम सुरू होताना शेडर जुळवण्याची पट्टी दिसत असेल तर ती पूर्ण होऊ द्या, वगळू नका. लिनक्सवर स्टीमचं ‘व्हल्कन शेडर’ प्रक्रियेचं काम वगळू नका तेही याचसाठी. ‘गेम जलद करा’ म्हणणारी साफसफाईची साधनं दर आठवड्याला नेमका हाच कॅशे पुसतात. ती काढून टाका.

कॅमेरा झटकन मागे फिरवल्यावरच गेम अडत असेल तर ग्राफिक मेमरी बघा. ८ जीबीच्या कार्डावर ७.८ भरलेली दिसली की उरलेली टेक्स्चर साध्या रॅममध्ये जातात आणि तिथून ये-जा करताना वेळ जातो. इथे मात्र टेक्स्चर एक पायरी खाली आणणं हाच उपाय, आणि गेम पुन्हा सुरू केल्याशिवाय त्याचा परिणाम नीट दिसत नाही. अर्ध्या तासाने बिघडत असेल तर तापमान आणि क्लॉक आलेखात जोडा. तापमान एका रेषेवर अडकलंय आणि क्लॉक खाली सरकतोय, म्हणजे यंत्र तापून स्वतःला आवरतंय. पंख्याच्या जाळ्या साफ करा आणि एफपीएसला कमाल मर्यादा घाला. मेन्यूत ३०० एफपीएस काढून कार्ड तापवण्यात काही अर्थ नसतो.

फ्रेमरेटला बांधलेले गेम

काही गेममध्ये भौतिकी फ्रेमवरच चालते, आणि मग एफपीएस वाढवणं हाच आजार होतो.

वाराचं गणित बघा. दीड मीटर त्रिज्येत तलवार ०.२ सेकंदात १२० अंश फिरली तर टोक ३.१ मीटर जातं. ६० एफपीएसला त्या वेळात १२ फ्रेम मिळतात, म्हणजे दर फ्रेमला टोक २६ सेंटिमीटर सरकतं. २० एफपीएसला ४ फ्रेम, दर फ्रेमला ७८ सेंटिमीटर. बुटका शत्रू त्या दोन जागांच्या मध्ये आरामात मावतो. चांगलं इंजिन दोन फ्रेममधला सगळा पट्टा तपासतं. ज्यात फक्त त्या त्या क्षणाची जागा तपासली जाते, तिथे फ्रेम पडली की वार खरोखरच आरपार जातो.

उलटा प्रकारही आहे. डार्क सोल्स २ च्या २०१४ च्या पीसी आवृत्तीत ६० एफपीएसला शस्त्र ३० एफपीएसच्या दुप्पट वेगाने झिजायचं. शस्त्र देहात किंवा भिंतीत असेपर्यंत झीज फ्रेममागे मोजली जात होती. २०१५ मध्ये ते दुरुस्त झालं. पहिल्या डार्क सोल्सची २०१२ ची पीसी आवृत्ती ३० ला बांधलेली होती. डीएसफिक्स हा मॉड (खेळाडूंनी बनवलेला बदल) लावून ती ६० वर नेली की उड्या तोकड्या पडायच्या आणि शिडीवरून घसरत उतरताना पात्र जमिनीतून खाली जाऊ शकायचं.

स्कायरिम स्पेशल एडिशन (२०१६) ६० च्या वर नेलं की भांडी उडतात, देह नाचतात, दारातून जाताना टेबलावरचं सामान अंगावर येतं. व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) बंद करून १४४ वर खेळणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ६० ला बांधून टाकणं. ६० च्या वर खेळायचंच असेल तर स्कायरिमच्या आयएनआय फाईलमध्ये हॅवॉक या विभागाखाली ‘एफ-मॅक्स-टाइम’ ही किंमत असते, मूळची ०.०१६६. ती १ भागिले तुमचा एफपीएस इतकी हवी: १२० ला ०.००८३, १४४ ला ०.००६९. पण ०.००६९ लिहिलं आणि घोळक्यात फ्रेम ६० वर आली, तर हालचाल पाण्यात चालल्यासारखी संथ पडते, आणि ती पडते नेमकी लढाईत. त्यामुळे ही किंमत हाताने लिहू नका. ‘एसएसई डिस्प्ले ट्वीक्स’ हा मॉड ती फ्रेमनुसार बदलत ठेवतो. फाईल बदलूनही काहीच होत नसेल तर डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये हललाय का ते बघा. गेम एका जागची फाईल वाचतो आणि आपण दुसऱ्याच जागची दुरुस्त करत बसतो.

बटण आणि पडदा यांच्यामधला उशीर

व्ही-सिंकपासून सुरू करा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर साधं दोन बफरचं व्ही-सिंक असेल आणि एखादी फ्रेम १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंदांत तयार झाली, तर ती पुढच्या फेरीपर्यंत थांबते आणि ३३.३ ला दिसते. ०.३ मिलिसेकंदासाठी वेग निम्मा. जी-सिंक किंवा फ्रीसिंकचा (फ्रेम तयार होईल तेव्हा बदलणारा) पडदा असेल तर ते चालू करून एफपीएस पडद्याच्या वेगापेक्षा किमान ३ ने खाली बांधा, १४४ असेल तर १४१. १२० हर्ट्झचा पडदा असून यंत्र ६० पेलत नसेल तर ४० ला बांधा. १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम २५ मिलिसेकंद एकसारखी राहते आणि ५५ ते ३८ असं हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा पॅरीचा अंदाज फार चांगला बसतो.

डायरेक्टएक्स ११ च्या गेममध्ये एनव्हिडियाचं ‘लो लेटन्सी मोड’ चालू केल्याने रांगेत थांबलेल्या फ्रेम कमी होतात. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये ती रांग गेमच्या हातात असते, त्यामुळे तिथे हा पर्याय लावून फरक पडत नाही. गेममध्येच एनव्हिडियाचं रिफ्लेक्स हे उशीर कमी करणारं सेटिंग असेल तर ते लावा.

फ्रेम जनरेशनबद्दल ठाम मत: हातघाईत बंद. मधली फ्रेम रचण्यासाठी पुढची खरी फ्रेम आधी तयार होऊन थांबावी लागते. ३० च्या ६० दिसल्या तरी तुमचं बटण अजूनही सेकंदातून ३० वेळाच वाचलं जातं, वर थांबण्याचा वेळ वेगळा. मूळ वेग ६० च्या वर असेल तर हवं तर लावा.

मग कीबोर्ड. स्वस्त कीबोर्डवर ठरावीक तीन बटणं एकत्र दाबली की तिसरं पोचतच नाही. डब्ल्यू, ए आणि शिफ्ट धरून स्पेस दाबा, मग डब्ल्यू, डी आणि शिफ्ट धरून. एका बाजूला लोळण निघते आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर दोष सापडला. तो पात्राच्या कंट्रोलचा नव्हे, कीबोर्डच्या तारांच्या जाळ्याचा दोष आहे. डॉज माऊसच्या बाजूच्या बटणावर न्या. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर विंडोजचं स्टिकी कीज उगवतं आणि उजवं शिफ्ट आठ सेकंद धरल्यावर फिल्टर कीज. शिफ्टवर ढाल ठेवणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन या दोन्हींचे शॉर्टकट बंद करावेत, नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही. लॅपटॉपच्या टचपॅडवर खेळत असाल तर टायपिंग चालू असताना टचपॅड गोठवण्याची सोय विंडोजमध्ये असते. चालता चालता कॅमेरा वळत नाही तो त्यामुळे. टचपॅडची संवेदनशीलता सर्वांत वरच्या पायरीला नेली की ती सुटते. माऊसचं ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद. माऊसचं पोलिंग (सेकंदाला किती वेळा तो हालचाल कळवतो) ८००० हर्ट्झवर असेल आणि माऊस हलवल्यावरच फ्रेम पडत असेल तर १००० वर आणा.

कंट्रोलरचं बटण एकदा दाबल्यावर दोनदा लागत असेल, तर स्टीम इनपुट (स्टीमची कंट्रोलर वाचण्याची सोय) आणि गेम दोघंही कंट्रोलर वाचतायत. त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद करा. ब्लूटूथऐवजी तार लावून बघा. टीव्हीवर खेळत असाल तर ‘गेम मोड’ लावल्याशिवाय वरचं काहीच करू नका, चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेतच बराच वेळ जातो.

मॉड लावलेलं स्कायरिम

इथे भार ग्राफिक्सपेक्षा स्क्रिप्टचा जास्त असतो. स्कायरिमच्या पॅपायरस भाषेतल्या स्क्रिप्टना दर फ्रेमला १.२ मिलिसेकंद मिळतात. ६० एफपीएसला ते सेकंदाला ७२ मिलिसेकंद होतात, ३० ला ३६. म्हणजे घोळक्यात फ्रेम निम्मी झाली की स्क्रिप्टवर चालणारे मॉडही निम्म्या वेळात काम भागवतात, आणि कामं तर तेव्हाच जास्त असतात. विष उशिरा चढणं, पॅरी लागून नंतर आवाज येणं, मेलेल्या शत्रूचा देह दोन सेकंदांनी पडणं ही त्याची लक्षणं. ही मर्यादा वाढवून स्क्रिप्ट जलद होतात पण फ्रेमचा वेळ खातात. त्यापेक्षा आजूबाजूच्या प्रत्येकावर सतत मंत्र टाकत राहणारे ‘क्लोक’ पद्धतीचे मॉड शोधून काढा.

केस आणि कपड्यांची एसएमपी भौतिकी फक्त आपल्या पात्रापुरती ठेवा. दहा लुटारूंच्या दहा झुलत्या वेण्या प्रोसेसरला झेपत नाहीत. वारांची खरी टक्कर तपासणारा ‘प्रिसिजन’सारखा मॉड लावल्यावर मघाचं १४१ एककांचं गणित लागू राहत नाही, आता पातं खरोखर भिडावं लागतं. अॅनिमेशन बदलल्यावर पात्र हात पसरून उभं राहिलं किंवा वारच करेना, तर नेमेसिससारखं जे साधन वापरता ते पुन्हा चालवून फाईली नव्याने बनवा.

दोषी मॉड सापडत नसेल तर अर्धे बंद करा, नव्या पात्राने त्याच प्रकारच्या घोळक्यात तपासा, मग उरलेल्यातले अर्धे. १२८ मॉड असले तरी सात फेऱ्यांत एकावर येता. ही तपासणी जुन्या सेव्हवर करू नका: मॉड काढला तरी त्याच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये चिकटून राहतात आणि निकाल खोटा येतो.

ऑनलाइन

सोल्सच्या पठडीतल्या गेममध्ये दुसऱ्या खेळाडूचा वार लागला की नाही हे वार करणाऱ्याच्या यंत्रावर ठरतं. त्यामुळे तुमच्या पडद्यावर तलवार हातभर लांबून गेली तरी रक्त जातं. वायफायऐवजी तार लावा, पाठीमागे चालणारी डाउनलोड थांबवा आणि समोरच्याशी नेहमीपेक्षा एक पाऊल जास्त अंतर ठेवा. उरलेला उशीर त्याच्या बाजूचा असतो, त्यावर तुमच्याकडून काही करता येत नाही.